एकशे सत्त्याऐंशीचा सांगाडा

१९४५ च्या फेब्रुवारीत हिंगोलीहून पूर्णेला निघालेल्या सकाळच्या गाडीच्या चौथ्या डब्याचा आस बोल्डा स्टेशनच्या अलीकडे जळाला. चाकाजवळून धूर निघताना दिसला आणि गार्डाने गाडी थांबवली. डब्यातली माणसे उतरून रुळाशेजारच्या हरभऱ्याच्या शेतात उभी राहिली. कोणाला इजा झाली नाही. डबा कसाबसा बोल्ड्यापर्यंत नेऊन बाजूच्या रुळावर काढून ठेवला आणि उरलेली गाडी दोन तास उशिरा पूर्णेला पोचली. त्याच डब्याचा तोच आस जानेवारीतही तापला होता. दुसऱ्या दिवशी हिंगोली स्टेशनवरचे तेलवाले चाँदभाई यांना कामावरून थांबवण्यात आले.

तेलवाल्याचे काम थोडक्यात असे. प्रत्येक चाकाबाहेर आसाच्या टोकावर एक लोखंडी पेटी असते. तिच्यात तेलात भिजवलेल्या सुताचा गुंडा असतो आणि त्याला घासत आस फिरतो. सूत कोरडे पडले की आस तापतो, धुमसतो, शेवटी जळतो. म्हणून आस जळाला की पहिला सवाल तेलवाल्याला होतो. चाँदभाई एकोणीस वर्षे हे काम करत होते. कसूर शाबीत झाली असती तर नोकरी जाणार होती, स्टेशनामागची खोली जाणार होती आणि दाखल्यावर 'गफलत' हा शब्द पडणार होता. तो शब्द पडलेल्या माणसाला दुसरी कोणतीही रेल्वे घेत नसे.

त्याच स्टेशनवर नंबर टिपणारे एक कारकून होते. मी पार्सल ऑफिसात होतो. १९३८ पासून दहा वर्षे त्यांच्या आणि माझ्या राहत्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीतून बोलणे ऐकू येई. चाँदभाईंचे आणि त्यांचे बोलणे मात्र फारसे नव्हते, आणि जे होते ते ऐकण्यासारखे नव्हते.

हिंगोली त्या वेळी रुळांचे शेवटचे टोक होते. पुढे वाशीमकडे जायला बैलगाडी किंवा मोटार. दिवसातून एक गाडी येई, इथेच राही आणि सकाळी परत जाई. मालाचे डबे कापसाच्या दिवसांत वाढत. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक डब्याचा रंगवलेला नंबर टिपायचा आणि तक्ता करून वर पाठवायचा, एवढे नंबर कारकुनाचे काम. वीस मिनिटांचे. ते तीन तास घेत.

आधी ते गाडीच्या कडेने सरळ चालत जात आणि सरकारी तक्त्यात नंबर लिहीत. मग तक्ता खिशात घालून एक गोणपाट रुळांवर अंथरत आणि उताणे होऊन डब्याखाली सरकत. डब्याच्या लाकडी अंगावर नंबर रंगवलेला असतो. खालच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेल्या पाटीत तो ओतलेला असतो. त्यांना ओतलेला नंबर पाहायचा असे. त्यामुळे त्यांचे धोतर समोरून पांढरे आणि पाठीमागून काळे असे. त्यांच्या घरच्या बाई म्हणत, "समोरून बाबू, मागून इंजिनावरचा खलाशी. कोणत्या बाजूनं हाक मारू, सांगा."

नंबर वाचून त्यांचे भागत नसे. ते त्याच्यावर पतंगाचा पातळ कागद धरत आणि कोळशाने घासत. लोखंडावरची अक्षरे कागदावर उमटत. हे कागद ते गावातल्या पतंगवाल्याकडून आणत. एकदा चैत्रात मी सोबत होतो.

"बाबूजी, संक्रांत कवाच गेली. आता काहून पतंग?" पतंगवाल्याने विचारले.

"पतंग न्हाई. सोयरीक जुळवायची हाय."

"कोणाची?"

"वरच्याची खालच्याशी," असे म्हणून त्यांनी कागदाची सुरळी काखेत घेतली. पतंगवाला माझ्याकडे पाहत राहिला. मी काही सांगितले नाही, कारण सांगायला वेळ लागला असता.

सांगायचे ते असे होते. एकत्र धावणाऱ्या डब्यांच्या माळेला रेल्वेत रेक म्हणतात. रेक जुना झाला की कारखान्यात जातो. तिथे एका डब्याचे चांगले लाकूड उचलून दुसऱ्याच्या चांगल्या सांगाड्यावर ठेवतात, कुजलेले मोडीत काढतात, आणि चार जुन्या रेकांचे तीन नवे रेक होतात. बाहेर येताना सगळ्यांना एकच रंग असतो. कोण कुठून आला, कोणाचे अंग कोणाच्या पायावर बसले, हे त्या रंगाखाली जाते. ते शोधून काढण्याचे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. १९२९ पासून ते करत होते, असे वहीवरून दिसते.

वही मोठी, कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर लाकडाची हकीकत, उजव्या पानावर लोखंडाची. मधल्या शिवणीजवळ दोन्ही कधी एकत्र आले त्याची तारीख. आपल्या भावाच्या मुलांची नावे त्यांना एका दमात सांगता येत नसत. पण अमुक डबा कोणत्या रेकातून फुटून आला, त्याच्याबरोबरचे पाच कुठे गेले, हे ते जेवता जेवता सांगत. एका रेकात वाढलेल्या डब्यांना ते भावंडे म्हणत. कारखान्यातून जुळून आलेल्यांना सावत्र म्हणत. हे ते विनोदाने म्हणत नसत.

जे हिंगोलीला येत नसे ते पत्राने येई. रेल्वेच्या जवळपास प्रत्येक मोठ्या स्टेशनवरच्या नंबर कारकुनाला ते उर्दूत कार्ड लिहीत. सुरुवातीला उत्तरे येत नसत. मग एकेकाने गंमत म्हणून लिहायला सुरुवात केली. एक कार्ड मी वाचले आहे: 'आपकी १९० नंबर यहाँ ख़ैरियत से है. एक दरवाज़ा टूटा है, बाक़ी तबीयत अच्छी है.' त्यांनी ते दोनदा वाचले, तारीख टिपली आणि वहीत लिहिले: दरवाजा तुटका, बाजू कळवलेली नाही. बाजू विचारायला दुसरे कार्ड गेले.

त्यांच्यासोबत प्रवास करणे कठीण होते. ते शेवटच्या डब्यात बसत आणि प्रत्येक स्टेशनला उतरून एक डबा पुढे जात. पूर्णेपर्यंत सगळे डबे बसून होत. बाई गाठोडे घेऊन पहिल्या डब्यात बसत. वसमतला एकदा गाडी सुटली आणि ते बाहेर राहिले. सांगाड्यावरचा एक नंबर चिखलाने बुजला होता, तो पुसत होते. बाई एकट्या पूर्णेला पोचल्या. माहेरच्यांनी विचारले, "जावई कुठं हायत?" बाई म्हणाल्या, "वसमतला. पाहुण्यांची विचारपूस करून राहिले. येतील उद्याच्या गाडीनं." ते उद्याच्या गाडीने आले.

हिंगोलीच्या बाजारात एक चहाचे दुकान होते. तिथे चार बाकडी होती. ते एकाच बाकड्यावर बसत. ते भरलेले असले तर उभे राहत. दुकानदाराला वाटे की उन्हामुळे. ते बाकडे मोडीत निघालेल्या डब्याच्या लाकडाचे होते आणि तो डबा कोणता हे त्यांना ठाऊक होते. दुकान बंद झाले तेव्हा दुकानदार बाकडे त्यांना फुकट देत होता. त्यांनी घेतले नाही. म्हणाले, "मी घरी नेलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला न्हाई भेटायचं. डबा हाय तो."

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादची सत्ता बदलली. त्या दिवसांत आमच्याकडे गाड्या आल्या नाहीत. पहिली गाडी आली तेव्हा सगळे स्टेशन फलाटाच्या बाजूला जमले होते. कोण उतरते, काय खबर आणते, हे पाहायला. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला होते. अर्ध्या तासाने गोणपाट काखेत घेऊन आले. स्टेशन मास्तरांनी विचारले, "काय खबर?" ते म्हणाले, "पाच ओळखीचे. एक नवा." मास्तरांना हसू आले. त्या आठवड्यात मी त्यांना हसताना तेवढेच पाहिले.

'रंगावर इमान ठेवू नका,' हे त्यांचे नेहमीचे बोलणे. कोणी नवा साहेब आला, कोणाची सोयरीक ठरली, कोणी बैल विकत घेतला, की हेच.

आता चाँदभाईंचे भांडण. तेलवाला गाडीच्या एका टोकाकडून निघतो, प्रत्येक पेटी उघडतो, हात घालून सूत पाहतो, तेल घालतो, झाकतो. त्याला चाकाजवळ बसावे लागते. चाकाजवळ बहुधा नंबर कारकुनाचे पाय असत. एकदा त्या पायांनी तेलाचा डबा लवंडला. चाँदभाईंनी भर फलाटावर ओरडून सांगितले, "अरे, हा बाबू हाय का डब्यांचा भाट? वंशावळ सांगून राहिला लाकडाची!" भाट म्हणजे घराण्यांच्या वह्या घेऊन गावोगाव फिरणारा, पिढ्या वाचून दाखवणारा. नाव चिकटले. हमालही पाठीमागे 'भाट' म्हणू लागले. त्या दिवसापासून चाँदभाईंच्या सलामाला नंबर कारकुनांनी मान हलवली नाही. हे पाच वर्षे चालले.

१९४४ च्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या गाडीचा रेक बदलला. लढाईमुळे डब्यांची तंगी होती. हैदराबाद शहराच्या आसपास धावणाऱ्या छोट्या गाड्यांचे जुने रेक मोडून त्यांचे नवे रेक बांधले होते आणि त्यांतला एक हिंगोलीला आला. चार चाकांचे लहान डबे, लांबीने बाकडी, दोन्ही बाजूंना दारेच दारे. शहरात माणसे दहा-पंधरा मिनिटे बसून उतरत, म्हणून आत शौचाची सोय नव्हती. आमची गाडी साडेतीन तास चाले. पहिल्याच आठवड्यात सेनगावकडच्या एका बाईने मास्तरांना खिडकीतून विचारले, "अहो, हे डबे बनवणाऱ्याला लेकरंबाळं न्हाईत का?" मग वसमतला गाडी जरा जास्त थांबवण्याची तोंडी व्यवस्था झाली.

नंबर कारकून त्या रेकाखाली चार दिवस होते. त्या काळात त्यांना जेवायला हाक मारलेली मी ऐकली आहे, जेवताना पाहिलेले नाही.

चौथा डबा २१४ नंबरचा होता. फेब्रुवारीत जळाला तो हाच.

चौकशीसाठी विभागाकडून डब्यांचे इन्स्पेक्टर आले. उंच, कमी बोलणारे, वेळेचे पक्के. माझे उर्दू अक्षर बरे म्हणून जबान्या लिहून घ्यायला मला बसवले. जागा मास्तरांची खोली. चाँदभाई टोपी नीट करून उभे होते.

इन्स्पेक्टरांनी समोर एक नोंदवही ठेवली. २१४ नंबरच्या डब्याची तक्रारवही. तिच्यात अकरा वर्षांत आस तापल्याची एकही नोंद नव्हती.

"डब्बा वही है," इन्स्पेक्टर म्हणाले. "तेल वही है. ग्यारह साल कुछ नहीं हुआ. तुम्हारे हाथ में आया और चार महीने में दो बार. क्या लिखूँ?"

"साब, तेल डाला था. सूत भी बदला था. दोनों बार."

"किसने देखा?"

तेल घालताना कोणी पाहत नसते.

तेव्हा दारातून नंबर कारकून आत आले. त्यांना बोलावले नव्हते. काखेत वही होती. ते म्हणाले की गाडीखालून त्यांना दोन्ही सकाळी पेट्यांतून तेल ओघळताना दिसले होते. पण ते सांगायला ते आले नव्हते. सांगायचे ते वेगळेच होते.

"साब, वो डब्बा २१४ नहीं है."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. "तो कौन है?"

"ऊपर से २१४ है. नीचे से १८७ है."

मास्तर खोकले. हमाल दारात जमले होते, त्यांतला एक हसला. मी लिहिले.

त्यांनी सांगितले ते असे. कारखान्यात २१४ चे लाकूड चांगले निघाले, पण त्याचा सांगाडा गंजला होता. १८७ चे लाकूड कुजले होते आणि सांगाडा वरून बरा दिसत होता. म्हणून २१४ चे लाकूड १८७ च्या सांगाड्यावर बसवले. तक्रारवही रंगवलेल्या नंबराची असते आणि नंबर लाकडाबरोबर जातो. त्यामुळे २१४ ची स्वच्छ वही लाकडाबरोबर आली आणि १८७ ची वही, डबा मोडीत निघाला म्हणून, बंद झाली. आस मात्र लाकडाला नसतो, लोखंडाला असतो. १८७ ला शहरात शंटिंग करताना, म्हणजे डबे मागेपुढे ढकलताना, इंजिनाची धडक बसली होती, असे तिथल्या नंबर कारकुनाचे कार्ड त्यांच्याकडे होते. सांगाडा तेव्हा तिरका झाला असणार. शहरात गाडीची फेरी चार-पाच मैलांतच संपे, आसाला निवायला वेळ मिळे. इथली फेरी पन्नास मैलांची होती.

मग त्यांनी वही उघडून पतंगाचा कागद दाखवला. कोळशाच्या करड्या पट्ट्यात १८७ काळा उमटला होता. खाली नोव्हेंबर १९४४ ची तारीख.

इन्स्पेक्टरांनी कागद उजेडात धरून पाहिला. "ये आपकी अपनी वही है. काग़ज़ कल भी घिसा जा सकता है, तारीख़ आज भी लिखी जा सकती है. दफ़्तर का कोई काग़ज़ है?"

नंबर कारकुनांनी वही मिटली. मग म्हणाले, "कल बताता हूँ."

इन्स्पेक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली आणि गाडीने परत जाण्याआधी निकाल लिहीन असे सांगितले. खोलीतून बाहेर पडताना चाँदभाई त्यांच्या समोर आले. "बाबू, तुमी माझ्यासाठी..."

"तुमचं मला न्हाई माहीत," ते म्हणाले. "नंबर चुकीचा हाय, एवढंच."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचे बोलणे असे होते.

"मग द्या की ती चिठ्ठी साहेबाला," बाई म्हणाल्या.

"ती दाखवली की माझ्यावर येतंय."

"येऊ द्या. न्हाई दाखवली तर त्येच्यावर येतंय. त्येची बायको दुपारून येऊन बसली होती इथं. काही मागितलं न्हाई तिनं. नुसती बसली."

"त्यानं साऱ्या गावापुढं भाट म्हटलंय मला."

"मग? भाटच तर हायत तुमी. सोळा वर्षं झाली, मी धोतर धुऊन राहिले ना? आता वही वाचायची पाळी आली तर काहून लाज वाटून राहिली?"

यानंतर ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

चिठ्ठीची हकीकत मला सकाळी कळली. नोव्हेंबरात, नवा रेक पाहून झाल्यावर, त्यांनी एक दिवस सरकारी तक्त्यात रंगवलेल्या नंबरांऐवजी सांगाड्यांचे नंबर लिहून पाठवले होते. चुकून की मुद्दाम, हे त्यांनी कधी सांगितले नाही. वरच्या दफ्तरात गोंधळ झाला. मोडीत निघालेला १८७ हिंगोलीत उभा असल्याचे तक्ता सांगत होता. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला, आणि मग लेखी ताकीद आली. ताकिदीत घडले ते सगळे नंबरासह लिहिले होते. खाली त्यांची हमी होती: यापुढे सांगाड्याचे नंबर टिपणार नाही, कामाच्या वेळेत डब्याखाली जाणार नाही. सही त्यांची. दफ्तराचा शिक्का. महिना नोव्हेंबर.

म्हणजे जो कागद चाँदभाईंना वाचवणार होता, तोच सांगत होता की हा माणूस तीन महिने रोज हमी मोडत आला आहे. सकाळी पेट्यांतून तेल ओघळताना पाहिले, ही त्यांची जबानीसुद्धा डब्याखालूनच आलेली होती आणि ती मी आदल्या दिवशी लिहून घेतली होती.

दहा वाजता त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. इन्स्पेक्टरांनी ती वाचली, शिक्का पाहिला, पुन्हा वाचली.

"आपने हमी दी थी."

"जी."

"और तोड़ी."

"दूसरे दिन," ते म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी मास्तरांना ढकलट्रॉली तयार करायला सांगितली. परतीची गाडी त्यांनी सोडून दिली.

ट्रॉलीवर इन्स्पेक्टर, नंबर कारकून, चाँदभाई आणि मी. ढकलायला चार हमाल. बोल्ड्याला पोचायला दुपार झाली. डबा बाजूच्या रुळावर उभा होता, दारे उघडी, आत शेळ्या बसल्या होत्या. एक धनगर बाई त्यांना हाकलायला आली आणि साहेब पाहून म्हणाली, "राहू द्या साहेब, सावली हाय. डबा कुठं चालून राहिला आता?" इन्स्पेक्टरांनी शेळ्या राहू दिल्या.

नंबर कारकुनांनी गोणपाट अंथरले आणि खाली गेले. तिथून म्हणाले, "पाटी न्हाई."

लढाईच्या दिवसांत मोडलेल्या गाड्यांवरचे सुटे लोखंडही कोणी सोडत नसे. डबा तिथे तीन आठवडे बेवारस होता. पाटीच्या जागी दोन भोके होती.

इन्स्पेक्टर कोट काढून स्वतः खाली गेले. पतंगाचा कागद त्यांनी मागून घेतला. कागदावर नंबरासोबत पाटीच्या दोन खिळ्यांची डोकी आणि शेजारच्या लोखंडावरचा छिन्नीचा एक आडवा ओरखडा उमटलेला होता. कागद सांगाड्याला लावायला तीन हात पुरेनात. "पकड़ो," इन्स्पेक्टर म्हणाले. चाँदभाई चाकाजवळ बसले आणि त्यांनी कागदाचे खालचे टोक धरले. त्यांच्या तेलकट बोटांचे ठसे त्या कागदावर आहेत. खिळ्यांची डोकी भोकांवर बसली. ओरखडा ओरखड्यावर बसला.

मग दोरी मागवली. बोल्ड्याच्या मास्तरांनी विहिरीची दिली. सांगाड्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत ती ताणली आणि गाठ मारली. तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना लावली. सांगाडा सरळ असता तर गाठ कोपऱ्यावर आली असती. ती दोन बोटे अलीकडे राहिली. इन्स्पेक्टरांनी माप दोनदा घेतले.

"तेल से सीधा नहीं होगा ये," ते म्हणाले. मी ते लिहिले आणि त्यांनी खाली सही केली.

१८७ ची बंद केलेली तक्रारवही मागवायला तार गेली. तोपर्यंत चाँदभाईंचा निकाल थांबला. वही सापडायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत चाँदभाई रोज सकाळी स्टेशनावर येत आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहत. तेल पूर्णेहून आलेला बदलीचा माणूस घाली. एका सकाळी चाँदभाई त्याला म्हणाले, "भाऊ, त्या पेटीचं झाकण दाबून बसवा, सैल हाय." तो म्हणाला, "तुम्हाला सस्पेंड केलंय ना?" चाँदभाई म्हणाले, "मला केलंय. झाकणाला न्हाई केलं."

वही आली. तिच्यात धडकेची नोंद होती आणि त्याच आसाच्या तापण्याच्या तीन नोंदी होत्या. चाँदभाईंना कामावर परत घेण्याचा हुकूम निघाला. दाखल्यावर काही लिहिले गेले नाही.

नंबर कारकुनांना दुसरी लेखी ताकीद मिळाली. त्याच पाकिटात कारखान्याचे पत्र होते: शहरी गाड्यांच्या बाकीच्या डब्यांचे कोणते अंग कोणत्या सांगाड्यावर बसले याची माहिती आपल्या वहीत असल्यास वही पाठवावी. त्यांनी ताकिदीवर सही केली आणि वही द्यायला नकार दिला. नक्कल देईन म्हणाले. नक्कल मी केली. अकरा दिवस लागले. डावे पान, उजवे पान, शिवणीजवळची तारीख. तीत अशा तिरक्या सांगाड्यांची आणखी दोन प्रकरणे निघाली. एक डबा विकाराबादकडे धावत होता, एक परळीकडे. दोन्ही मे महिन्यात गाडीतून काढण्यात आले. एका ठिकाणचा तेलवाला आधीच निलंबित होता. त्यालाही परत घेतले, असे तिथल्या नंबर कारकुनाने कार्डाने कळवले. डब्याखाली जाऊ नये ही अट नंतर कोणी लावली नाही. ती रद्द केल्याचा कागद मात्र मी पाहिलेला नाही.

चाँदभाई परत कामावर आले ती सकाळ एप्रिलमधली. मी पार्सलच्या खिडकीत होतो. ते तेलाचा डबा घेऊन गाडीच्या टोकापासून निघाले आणि तिसऱ्या डब्याजवळ थांबले. चाकाजवळ दोन पाय होते.

"सलाम, बाबू," चाँदभाई म्हणाले. "पाय घ्या. तेल घालायचं हाय."

"थांबा. घासून होऊ द्या."

"गाडीची येळ झाली की!"

"झाली तर झाली. तुमची पेटी कुठं पळून चालली?" आतून उत्तर आले. मग पाय आखडले. "घ्या. आणि सलाम."

चाँदभाईंनी पेटी उघडली, हात घातला, सूत उलटवले, तेल घातले, झाकण दाबले. सहा डबे, चोवीस पेट्या. गार्डाने हिरवे निशाण दाखवले. गाडी वेळेवर सुटली.

पूर्णेला गाडी पोचली की तिथला माणूस प्रत्येक पेटीला हाताची पाठ लावून पाहतो. त्या दिवशी पेट्या कशा निघाल्या ते इन्स्पेक्टरांनी तारेने कळवायला सांगितले होते. तार हिंगोलीला दुपारी आली. मास्तरांनी ती फलाटावर वाचली: गाडी वेळेवर आली, चोवीसही पेट्या थंड.